काकूच्या पोटात आर्थिंग कुठे?

माझं काम सांगायला लागले की लोक आधी चेहरा गंभीर करतात आणि मग विषय बदलतात, म्हणून थोडक्यात सांगते. पोटात मूत्राशयाशी बसवायचा, तांदळाच्या दाण्याएवढा एक सेन्सर. त्यात दोन बारीक पत्रे, मध्ये केसाहूनही कमी अंतर. मूत्राशय भरलं की दाब वाढतो, पत्रे जवळ येतात, त्यांच्यातला विजेचा साठा बदलतो. तो मोजला की किती भरलंय ते कळतं. पण हा साठा इतका चिमुकला, की शेजारचा स्नायू आखडला किंवा मोबाइल वाजला तरी आकडा उड्या मारतो. म्हणून सेन्सरभोवती धातूचं पातळ कवच घालायचं. पुण्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं मी हे कवच घेऊन बसले आहे.

काम योगायोगाने मिळालं, पण सोडलं नाही ते काकूमुळे. तळोद्याजवळच्या आमच्या घरी, गच्चीवर मिरच्या वाळत घालून उतरताना ती जिन्यावरून पडली. काठी घेऊन चालते आता, पण लघवीची जाणीव गेली ती गेलीच. दर तीन तासांनी फोनचा गजर होतो आणि ती नळीची पिशवी घेऊन आत जाते, नळी घालून लघवी काढायला. तिची सख्खी बहीण धडगावला असते. घाटाने जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि गजर काही जीप भरायची वाट बघत नाही. वाटेत फजिती होईल या धास्तीने काकू चार वर्षांत बहिणीकडे गेली नव्हती. मागच्या दिवाळीत मी जेवता जेवता बोलून बसले, "पुढला साल तुले सेन्सरच बसाडी देसू." जीभ सैल असली की असं होतं.

यंदा उन्हाळ्यात सगळं सामान घेऊन घरी आले. शरीर म्हणजे शेवटी खारं पाणीच, म्हणून आईच्या पातेल्यात पाणी आणि मीठ घालून सेन्सर बुडवला. प्रयोगशाळेत गुमान बसणारा आकडा इथे नुसता थयथयाट करायला लागला. कूलर लावला, उडी. कुणी दारातून गेलं, उडी. दोन दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते. शेवटी वडील म्हणाले, "आर्थिंग सुकी गयी व्हई. बादलीभर पाणी टाक तठे."

आमच्याकडे उन्हाळ्यात हे करावंच लागतं. घरामागे आर्थिंगचा खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा. माती कोरडी पडली की ती तार असून नसल्यासारखी. माझं कवच त्याच तारेला जोडलेलं होतं. दोन बादल्या ओतून आत आले, तर आकडा शहाण्यासारखा जागेवर! मी चक्क नाचले. वडिलांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

काकू खाटेवर बसून बघत होती. म्हणाली, "आनी मन्हा पोटमा कोठे शे व आर्थिंगना खड्डा? तठे कोण पाणी टाकी?"

सगळे हसले. मीही हसले, आणि मग माझं हसू थांबलं. तीन वर्षं आकडा शांत होता तो माझ्या कवचामुळे नव्हे, प्रयोगशाळेच्या चांगल्या आर्थिंगमुळे. पोटात जमीन कुठून आणणार? तिथे सेन्सरनेच स्वतःचं कवच सांभाळायला हवं. पत्र्यावर जेवढा व्होल्टेज, तेवढाच क्षणोक्षणी कवचावर ठेवायचा, म्हणजे दोघांमध्ये काही झिरपत नाही. त्यासाठी मोजणारी चिप पत्र्याला खेटूनच बसवायची. थोडक्यात, पुन्हा श्रीगणेशा. मला माझाच भयंकर राग आला. ही चूक गावातल्या वायरमननेसुद्धा पहिल्या दिवशी धरली असती.

संध्याकाळी काकूला सगळं खरं सांगून टाकलं. यंदा नाही, पुढच्या वर्षीही नाही, आणि नंतर कधी तेही माहीत नाही. तिने काठी जमिनीवर आपटली.

"मंग तवलोंग मी काय वाट देखत बसू? सकाय तू चाल मन्हासंगे. जीप थांबाडानं काम तुन्हं."

दुसऱ्या दिवशी तळोद्याला जीप भरायला दीड तास लागला. भर घाटात गजर वाजला. मी ओशाळत ड्रायव्हरला हाक मारली, त्याने जीप कडेला घेतली. मी आडोशासाठी पिशवीत चादर शोधत होते, तेवढ्यात बाजार करून परतणाऱ्या चार पहाडातल्या बायका आमच्या आधीच उतरल्या. त्यांनी काकूची काठी पाहिली, पिशवी पाहिली, आपल्या बोलीत काहीतरी ठरवलं आणि तिच्याभोवती पाठ करून उभ्या राहिल्या. ड्रायव्हर पुढे जाऊन दरी बघू लागला. कुणी काही विचारलं नाही. पाच मिनिटांत सगळे परत जीपमध्ये.

काकू सावरून बसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढंच व्हतं?"

एवढंच होतं. आणि चार वर्षांत घरातल्या एकानेही तिला "चल, मी येते" म्हटलं नव्हतं. मी तर नाहीच, मी यंत्र बनवत होते. मला इतकी लाज वाटली की धडगाव येईपर्यंत मी तिच्याकडे बघू शकले नाही.