आप्पांच्या गच्चीवरची वायर

आमच्या केबल चॅनेलची एकही जुनी बातमी आज कुणाला दाखवता येणार नाही. कॅसेटी मोजक्या, म्हणून कालच्या बातम्यांवरच आजच्या बातम्या भरायचो. बातम्या पुसल्या गेल्या, किस्से तेवढे साठत गेले. चहाला दोघं-तिघं जमलो की एक निघतो आणि त्याच्या मागून दुसरा.

नव्वदच्या दशकात, मिरजेपासून तासाभरावरच्या आमच्या गावात दत्तामामांनी केबल आणली. पिठाच्या गिरणीच्या माडीवर ऑफिस. बालवाडीच्या शैलाताई बातम्या वाचायच्या. मी नववीत शाळा सोडून लग्नाच्या शूटिंगला लागलेलो. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा, त्यामुळे कॅमेऱ्यामागेच बरा होतो.

*

आमचा व्हिडिओ मिक्सरही लग्नाच्या शूटिंगचाच. गटारीच्या उद्घाटनाला नगरसेवक आप्पा आणि पालिकेचे इंजिनियर शेजारी-शेजारी उभे होते. मी सवयीनं दोघांभोवती लाल बदाम लावला आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या.

आप्पा धापा टाकत माडी चढून आले. "दत्ता, इंजिनियरसंगं लगीन लावलंस व्हय रं माजं?"

मामा शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं दोनच इफेक्ट हायत, आप्पा. दुसऱ्यात पाळणा हालतोय. त्यो लावू?"

*

नळाची बातमी आमच्या बौद्धवाड्यातली. आमचा नळ उन्हाळाभर कोरडा, आणि आप्पांच्या आळीत जीपगाड्या धुतल्या जात होत्या. मामा म्हणाले, "जा, शूटिंग करून आण."

मी पोचायच्या आधीच खबर पोचली होती. सगळ्या बायका ठेवणीतली पातळं नेसून, अबोली माळून, रिकाम्या घागरी घेऊन नळापाशी रांगेत उभ्या. माझी आई तर लग्नातल्या शालूत.

मी हळूच म्हणालो, "आई, रोजचं लुगडं नेस की. अशानं हाल दिसतील का?"

"पाणी न्हाई म्हणून सांगायचं हाय," आई म्हणाली. "कापड न्हाई म्हणून न्हाई."

*

आप्पांचा माणूस निरोप घेऊन आला, ती बातमी वगळा म्हणून. शैलाताई आरशात बघून टिकली नीट करत होत्या.

"नळाला पाणी सोडा म्हणावं," त्या म्हणाल्या. "पाणी आल्याची बातमी पहिली वाचते."

*

मग वायरचं सुरू झालं. गावभर जाणारी मेन वायर आप्पांच्या गच्चीवरून जायची. बातम्यांची वेळ झाली की ती तुटायची. मामा जोडून यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तुटायची.

आप्पा म्हणाले, "माकडं लय झाल्यात गड्या."

"व्हय," मामा म्हणाले. "पक्कड घिऊन फिरत्यात."

नळाची बातमी कुणाच्याच घरात पोचेना. शेवटी मामा म्हणाले, "घरात दिसत न्हाई तर रस्त्यात दावू." टीव्ही आणि व्हीसीआर हातगाडीवर चढवला, शिंप्याच्या दुकानातून लाइट घेतली आणि गाडी थेट आप्पांच्या दारासमोरच्या चौकात लावली.

*

चौक भरला. पुढं चटईवर आमच्या वाड्यातल्या बायका, त्याच पातळांत. त्यांच्या शेजारी पोतं टाकून आप्पांची म्हातारी आई बसलेली. वायर तुटली की तिच्या घरातला टीव्हीही बंदच पडायचा.

मामांनी कॅसेट लावली. कोरडा नळ दिसला. घागरी दिसल्या. माझी आई दिसली.

आप्पा घरातून तरातरा आले आणि गाडीपुढं उभे राहिले. "बंद कर रं त्ये." त्यांचा हात प्लगकडे गेला. मी आधीच प्लगवर हात ठेवला होता. तो काढला नाही.

तेवढ्यात मागून म्हातारीचा आवाज आला. "आरं बाळ्या, खाली बस. मागच्यास्नी दिसंना."

आप्पांनी वळून पाहिलं. सगळा चौक त्यांच्याकडं बघत होता. माझ्या आईनं शालूचा घोळ आवरला आणि चटईवर थोडी जागा केली.

आप्पा बसले.