अकरा युनिटांची शाबासकी

मीटरबाईला माणसांची नावं लक्षात राहत नसत, आकडे राहत. रस्त्यात कोणी भेटलं की आधी त्या घराचा मागच्या महिन्याचा विजेचा वापर आठवायचा, मग चेहरा. "त्या दोनशे चाळीसवाल्यांच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणे," असं ती घरी येऊन सांगायची, आणि घरच्यांनाही त्यात आता नवल वाटत नसे. सव्वीस वर्षं तोच वॉर्ड, खांद्याला तीच पिशवी, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक फाटकाशी अर्धा मिनिट. आत म्हणून कधी पाऊल टाकलं नाही. टाकायचं कारणच काय? मीटर बाहेरच्या भिंतीला.

आवाज मात्र थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचा. आकडा वाढलेला दिसला की फाटकातूनच सुरू: "अहो, तीनशे दहा! घरात गिरणी काढली की काय?" आणि कमी झाला की दणदणीत "शाब्बास!" नगरपालिकेनं तिला असलं काही करायला सांगितलेलं नव्हतं. तो तिचा स्वतःचा खाक्या. लोक चिडायचे, हसायचे, पण तिची यायची तारीख कोणी विसरायचं नाही.

तर झालं असं, की नगरपालिकेनं एकाच वेळी दोन गोष्टी काढल्या. एक, नवे मीटर. ते म्हणे आपला आकडा आपणच ऑफिसात कळवणार. दुसरी, घरोघरी वीज वाचवायची मोहीम. पहिलीनं मीटरबाईचं काम जाणार होतं, दुसरीनं तिला जरा धीर आला. कारण मोहिमेसाठी प्रत्येक वॉर्डात एक सल्लागार नेमायचा होता. त्यानं घरात जाऊन दिवे बघायचे, गिझर बघायचा, फ्रिजच्या दाराचं रबर तपासायचं आणि कुठं काय वाचेल ते सांगायचं.

इंजिनियर मॅडम वयानं मीटरबाईच्या निम्म्या, पण बोलायला एकदम चोख. म्हणाल्या, "बाई, तुमच्या वॉर्डातलं एक आदर्श घर शोधून आणा. त्याचा फोटो आपण चौकात लावू. घर चांगलं निघालं तर सल्लागार म्हणून मी तुमचंच नाव पुढे पाठवते."

शोधायचं काय डोंबल! उत्तर जिभेवरच होतं. "ड्रॉइंग मास्तर. अकरा युनिट."

मास्तर शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगा दूरच्या शहरात. आधी त्यांचा आकडा सत्तरच्या घरात असायचा. मग चाळीस झाला, मग बावीस, आणि या थंडीत अकरा. मीटर बघायच्या दिवशी मास्तर कानटोपी घालून, शाल गुंडाळून फाटकाशी हजर असायचे, निकालाच्या दिवशी शाळेतलं पोर उभं राहतं तसे. "शाब्बास मास्तर!" ऐकलं की मान डोलवून आत जायचे. सगळ्या वॉर्डात तिचं हे एक लाडकं फाटक होतं.

म्हणून तपासायची छापील यादी आणि आदर्श घराचा अर्ज घेऊन ती दुपारी त्यांच्याकडे गेली तेव्हा भलतीच खुशीत होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा फाटकाच्या आत.

घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. पडदे सगळे सताड उघडे, आणि खिडकीजवळ एक खुर्ची. उन्हामागून सरकवून सरकवून फरशीवर तिचे चरे पडले होते. मीटरबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. यादीत पहिला फ्रिज होता. दारात कागदाची पट्टी अडकवायची आणि ओढायची, अलगद निघाली तर रबर सैल. पट्टी अलगद निघालीच, म्हणून तिनं दार उघडून बघितलं. आत अंधार. वरच्या कप्प्यात रंगांच्या बाटल्या, खाली आकाराप्रमाणे लावलेले ब्रश, भाजीच्या खणात कोरे कागद.

"मास्तर, हे काय हो?"

"कपाट झालंय त्याचं. झुरळं जात नाहीत आत."

तिला खो खो हसू आलं. पण हसता हसता नजर भिंतीवर गेली आणि हसू जागीच राहिलं. प्रत्येक बटणांच्या बोर्डावर जाड ड्रॉइंग पेपर चिकटवलेला होता, आणि त्यावर वळणदार सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'हात लावू नये'. खोलीत, बाहेरच्या पडवीत, सगळीकडं. न्हाणीघरात गिझरची वायर उपटलेली, आणि तिथून छतापर्यंत भिंत काळी. चालू होता तो फक्त स्वयंपाकघरातला एक दिवा.

"पेटला होता?" तिनं विचारलं.

"मागल्या थंडीच्या आदल्या थंडीत," मास्तर म्हणाले. "मग बाहेरच्या बोर्डानं एकदा झटका दिला. म्हटलं, नकोच."

"आणि आंघोळ?"

"गार पाण्यानं माणूस मरत नाही."

त्यांच्या हातांना चिरा पडल्या होत्या. इतके दिवस शालीत असल्यामुळं ते हात तिला कधी दिसलेच नव्हते.

"अहो, मग वायरमनला का नाही बोलावलं?"

"तो भिंती उकरणार, शेजारी विचारणार, मुलाच्या कानावर जाणार. तो आधीच मागं लागलाय, एकटे राहू नका, घर विकू. हे कळलं तर पहिल्या गाडीनं येईल आणि मला उचलून नेईल." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तो फोटो कधी लागणार गं? मुलाला पाठवतो. नगरपालिकाच म्हणते म्हटल्यावर बाबा नीट राहतात हे त्याला मानावंच लागेल."

मीटरबाई हातातली यादी उगाच चाळत राहिली. तिला असं बघायची मास्तरांनाही सवय नव्हती. तिला बरं वाटावं म्हणूनच ते म्हणाले असतील, "आणि तू दर महिन्याला शाबासकी देत होतीस की. बावीस झाले तेव्हा केवढ्यानं ओरडलीस! मला वाटलं, अजून थोडं जमेल आपल्याला."

मीटरबाईला स्वतःची लाज वाटली, अगदी कानांच्या पाळ्या गरम होईपर्यंत. म्हातारा कुडकुडत होता, आणि ही बया फाटकाशी उभी राहून त्याला आणखी कुडकुडायला चेव आणत होती! सव्वीस वर्षं आकडे वाचले, पण काय वाचलं?

हातात अर्ज होता. सही केली की मास्तरांना फोटो, तिला नोकरी. दोघंही खूश. खोटं कशाला बोला, तिनं पेनाचं टोपण काढलंही होतं. घरी सासू आजारी, नवऱ्याचं काम कधी असतं कधी नसतं, आणि नवे मीटर दोन महिन्यांवर आलेले. मग तिची नजर त्या 'हात लावू नये'वर गेली, आणि तिनं टोपण परत लावलं.

"मास्तर, फोटो नाही लागणार."

मास्तर तडकले. "माझं घर, माझा आकडा! तुला काय करायचंय?"

"माझी चूक आहे, म्हणून करायचंय. माझा दीर वायरमन आहे. उद्या येईल. शेजारी कोणी विचारलं तर म्हणेल, वहिनींनी पाठवलंय, मोहिमेचं काम आहे. मुलाला तुम्हीच सांगा, पण सगळं दुरुस्त झाल्यावर. आणि चालू गिझरचा फोटो पाठवा."

मास्तर तिला दारापर्यंत पोचवायला आले नाहीत.

ऑफिसात तिनं कोरा अर्ज टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या शाबासकीसकट. मॅडम ऐकत होत्या, मध्येच पेन खाली ठेवलं. "म्हणजे आपण त्यांचाच फोटो चौकात लावणार होतो," त्या म्हणाल्या. मग कॉम्प्युटरवरून वॉर्डातल्या सर्वांत कमी वापराच्या बावीस घरांची यादी काढून तिच्या हातात दिली. "बाई, आधी ही बघून या. आतून."

बावीसपैकी नऊ घरं खरोखरच काटकसरी निघाली. बाकीच्या तेरा घरांविषयी तिनं वहीत जे लिहिलं, ते वाचून मॅडमनी तपासायच्या यादीत आणखी एक रकाना वाढवला: 'काय बंद आहे, आणि का?'

जुन्या मीटरचा शेवटचा फेरा आला तेव्हा मास्तर फाटकाशी उभेच होते. कानटोपी नव्हती, केस ओले होते. मुलगा येऊन गेला होता, गिझर स्वतः चालू-बंद करून बघितला होता आणि एकटाच परत गेला होता. मीटरबाई काचेवर वाकली.

"चौसष्ट," मास्तर ओशाळून म्हणाले. त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. "जास्त झालं का गं?"

मीटरबाईनं छाती भरून श्वास घेतला. "शाब्बास मास्तर! चौसष्ट!"

शेजारच्या एकशे साठवाल्या काकूंनी खिडकीतून डोकं काढलं. "अगं, हा कुठला न्याय? मला एवढं झापतेस ती!"

"तुमचंही बघते, थांबा!"

मास्तर हसले, मग एकदम गंभीर झाले. "पुढच्या महिन्यापासून आकडा आपोआप जाणार म्हणे. मग तू कशाला येशील?"

मीटरबाईनं वही पिशवीत टाकली. "तुमच्या फ्रिजचं रबर अजून सैलच आहे," ती म्हणाली, आणि फाटकाची कडी काढून आत गेली.