आईच्या लेपाची परीक्षा

“अभी मालूम नहीं,” असं म्हणून ती तळहात हवेत आडवा धरायची. पेशंटने साधा प्रश्न विचारलेला असायचा, “मॅडम, या लेपाने पाय बरा होईल ना?” डॉक्टरने असं उत्तर दिलेलं तुम्ही कधी ऐकलंय? मी तरी ऐकलं नव्हतं.

दुबईतल्या ज्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथे ती चीनहून आली होती. घोट्याचं लिगामेंट दुखावलं तर चिनी जडीबुटीच्या लेपाचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायचं काम तिच्याकडे होतं. लेप तिच्या आईचा. गावातल्या लोकांच्या मुरगळलेल्या पायांना तो लावता लावता आई म्हातारी झाली होती. मुलगी शिकून डॉक्टर झाली आणि आईचाच लेप परीक्षेला बसवायला निघाली.

पेशंट बहुतेक मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पमधले, बांधकामावर पाय मुरगळलेले. बाकी उपचार सगळ्यांना सारखेच. फक्त अर्ध्यांना खरा लेप आणि अर्ध्यांना तसाच दिसणारा, तसाच वास येणारा खोटा. कुणाला कुठला, हे ना तिला ठाऊक, ना मला. पेशंटना हे आधी समजावून त्यांचा होकार घेतलेला असायचा. तरी रत्नागिरीकडचे एक चाचा मला हळूच म्हणाले, “ताई, आपण एकाच मुलखातले. मला असलीवाला द्या.”

मी तिला सांगितलं. ती हसली, स्टूल ओढून चाचांच्या पायाशी बसली आणि त्यांची टाच मांडीवर घेतली. तिचं हिंदी पेशंटांकडूनच शिकलेलं, मोडकंतोडकं. असली कुठला हे मला कळलं, तर तुमच्या पायाकडे मी सरळ नजरेने बघणार नाही, असं काहीसं तिने त्यांना सांगितलं. चाचांना किती पटलं कोण जाणे, पण त्यांनी पाय मागे घेतला नाही.

दुपारी आम्ही डबे एकत्र उघडायचो. पहिल्यांदा सोलकढी प्यायली तेव्हा तिने ग्लास उजेडात धरून विचारलं, हे कशावर देतात? मी म्हटलं, भातावर. त्यानंतर ती रोज माझ्या डब्यात डोकावून ‘गुलाबी दवा’ आहे का ते बघायची.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही तिला उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर नेलं. माझ्या मुलीबरोबर शेवाळलेल्या दगडांवरून उड्या मारताना तिचाच घोटा मुरगळला. बघता बघता सुजला. मुलगी म्हणाली, “आँटी, यूज युवर ओन मेडिसिन ना.” ती मानेनेच नाही म्हणाली. मी नुसती पट्टी बांधून दिली. गाडीत तिने मला कारण सांगितलं: लेप लावला आणि बरं वाटलं, तर माझा त्यावर विश्वास बसेल, मग काम बिघडेल.

पण दुसऱ्या दिवशी ती लंगडत आली ती लेपाच्या वासासकट. आईने रात्री व्हिडिओ कॉलवर पाय पाहिला होता. घरचा लेप उशाशी असताना सुजलेला पाय तसाच ठेवतेस, म्हणून आई रडायला लागली होती. हिने लावला. आणि सूज मोजायची टेप माझ्या हातात ठेवली.

“आजपासून पेशंट तू तपास,” ती म्हणाली. “मला बरं वाटतंय. आता माझं मन आईला जिंकवायला बघतंय.”

तेव्हापासून सगळे घोटे मीच मोजले. ती लांबून बघायची, पण काही विचारायची नाही.

शेवटी खऱ्याखोट्याची यादी उघडली. दोन्हीकडची माणसं जवळजवळ सारखीच बरी झाली होती. क्लिनिकचे मालक म्हणाले, अहवाल जरा गोड करून लिहा, लोकांना आवडतं. तिने होतं तसंच लिहिलं. तिचं काँट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. तिच्या खोलीत आता लेझरचं मशीन आहे.

आईला सांगायचं मात्र ती टाळत राहिली. निघायच्या आदल्या दिवशी खोली आवरून झाल्यावर मला म्हणाली, तू बस इथेच, आणि फोन लावला. मला चिनी येत नाही. ती डोळे पुसत मधेमधे हिंदीत सांगत होती, तेवढंच मला समजलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, खोटा लेप लावलेली माणसंसुद्धा चालायला लागली?

हो.

“मग रडतेस कशाला? ती कशाने चालायला लागली ते सांग.”

पट्टीने, ती म्हणाली. आणि बहुतेक एका पायावर उभं राहायच्या व्यायामाने. तो सगळ्यांनाच दिला होता.

“दाखव.”

तिने फोन टिश्यूच्या डब्याला टेकवून उभा केला, चपला काढल्या आणि दोन्ही हात पसरून एका पायावर उभी राहिली. पडद्यावर म्हातारी पुढे वाकून बघत होती. मग तीही उठली, स्टूल बाजूला सारलं आणि टेबलाची कड धरून एक पाऊल उचललं. लगेच डगमगली. तशी इकडे मुलीने व्यायाम सोडून तिला सावरायला फोनकडे हात पुढे केला.