आकडा वाचून दाखव

बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली यंत्राची होती. पाहुणे आले तर ते बाहेरच्या खोलीत झोपत, कारण मागच्या खोलीत पंख्यांचा घोंगाट दिवसभर चाले आणि मार्चपासून पुढे तिथे कुणाला बसवत नसे. नवऱ्याने ते यंत्र सुटे भाग आणून स्वतः जोडलं होतं. दुकानातला तयार संगणक घेणं त्यांना विकतची पुरणपोळी आणण्यासारखं वाटायचं.

इमारतीचा नुसता पाया खणलेला असतानाच ती पूर्ण झाल्यावर कशी दिसेल, याची चित्रं आणि छोट्या फिल्म ते बिल्डरांना करून देत. या कामाला रेंडरिंग म्हणतात. भिंतीवर पडणारं ऊन, काचेतलं प्रतिबिंब, जिन्याखालची सावली, हे सगळं संगणक प्रत्येक चित्रासाठी नव्याने मोजत बसतो. तसं मोजताना त्याचा प्रोसेसर तव्यासारखा तापतो. फार तापला तर तो आधी आपोआप मंद चालू लागतो, आणि तरीही निवला नाही तर यंत्र बंद पडतं. मग तासन्‌तासांचं काम वाया जातं. म्हणून ते रोज दोन आकडे बघायचे. एक पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारं प्रोसेसरचं तापमान आणि दुसरा भिंतीतल्या प्लगला लावलेल्या छोट्या मीटरवरचे वॉट, म्हणजे यंत्र किती वीज ओढतंय ते. संध्याकाळी मी कॉलेजातून आले की ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन सांगत, "त्र्याहत्तर. तीनशे चाळीस." घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तब्येत सांगावी तसं.

आम्ही दोघं अमरावतीकडचे. त्यांनी चित्रकलेची पदविका घेतली होती. लग्न होऊन आम्ही पुण्यात आलो तेव्हा बाहेरच्या कंपन्या येणार, नोकऱ्या येणार, अशी हवा होती, आणि त्या नोकरदारांसाठी घरं बांधायला लोक आधीच निघाले होते. त्या घरांची चित्रं हे पोस्टर कलरने हाताने रंगवायचे. गच्चीवरून वाकून बघणारी बाई, दारातली गाडी, कोपऱ्यात एक बहरलेलं झाड. झाड बिल्डरला हवंच असायचं. पुढे संगणक आले आणि हाताची चित्रं वर्षभरात कुणी मागेनासं झालं. बरोबरीच्या काही जणांनी शाळेत नोकऱ्या धरल्या. हे घरी बसून सगळं नव्याने शिकले. मी कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. माझा पगार घराला पुरत होता, त्यामुळे त्यांना शिकायला सवड मिळाली. त्यांना मधुमेह होता, तो अमरावतीहूनच सोबत आलेला. गोळ्या ते घ्यायचे, आठवण झाली तर.

त्या वर्षी वारज्याच्या एका मोठ्या स्कीमची फिल्म त्यांच्याकडे आली होती. अक्षय्य तृतीयेला बुकिंग सुरू व्हायचं होतं, त्याआधी फिल्म हवी होती. उन्हाळा तापायला लागला तसे आकडेही चढू लागले. तेव्हा एका रविवारी त्यांनी यंत्र उघडायचं ठरवलं. प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा पंख्याचा ठोकळा यांच्यामध्ये पांढरी पेस्ट लावलेली असते. ती वर्षभराने सुकते, पुसून पुन्हा लावावी लागते. एरवी अर्ध्या तासाचं काम. त्या दिवशी ते जेवण झाल्यावर दार लोटून बसले ते दिवेलागणीला बाहेर आले. मानेवर घाम, बोटांना पेस्ट लागलेली.

"एवढा वेळ?" मी विचारलं.

"स्क्रू घरंगळला होता," ते म्हणाले.

सोमवारी यंत्र दोनदा बंद पडलं. मंगळवारीही पडलं. विजेचा दाब कमी-जास्त होतोय, असं ते म्हणाले. बुधवारी मला अर्धी सुट्टी होती. दुपारी चहा घेऊन मी मागच्या खोलीत गेले. ते पडद्यासमोर नेहमीसारखे बसले होते, फक्त मान थोडी डावीकडे वळवलेली.

"किती आहे?" मी सहज विचारलं.

"अडुसष्ट. आता ठीक आहे."

पडद्याच्या कोपऱ्यात लाल रंगात शहाण्णव लिहिलेलं होतं. मोठ्या अक्षरांत. त्यांनीच कधीतरी तो आकडा मोठा करून ठेवला होता.

"अहो, शहाण्णव दाखवतंय."

"तेच म्हणालो मी."

"तुम्ही अडुसष्ट म्हणालात."

त्यांनी मान आणखी थोडी डावीकडे वळवली. मग म्हणाले, "खाली मीटरवर किती आहे बघ. मला वाकता येत नाहीये, पाठ धरलीय."

मी वाकून बघितलं. "एकशे नव्वद."

"नीट बघ."

"मीटर वाचण्याचाच पगार घेते मी. एकशे नव्वद."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं चिडले, पण ते विचार करत होते. "वीज कमी ओढतोय आणि तापलाय जास्त," ते म्हणाले. "म्हणजे स्वतःच मंद होऊन जीव वाचवतोय. उष्णता बाहेर जातच नाहीये. प्रोसेसरवरचा पंखा बघ."

यंत्राची बाजू उघडीच होती. मी विजेरी आणून आत प्रकाश टाकला. यंत्राच्या डब्याचे दोन्ही पंखे जोरात फिरत होते आणि त्यांच्याच आवाजात मधल्या पंख्याची शांतता झाकली गेली होती. तो जागच्या जागी उभा होता. त्याच्या पात्यांमध्ये एक काळी वायर अडकली होती, चांगली बोटभर आत. झाकण उघडून समोर बसलेल्या कुणालाही ती दिसली असती.

"पंखा फिरतच नाहीये. वायर अडकलीय."

"फिरतोय. मी सकाळीच बघितला."

मी विजेरी बंद केली. यंत्र तेवढ्यात आपोआप बंद पडलं आणि खोली एकदम शांत झाली, रस्त्यावरच्या भाजीवाल्याचा आवाज वरपर्यंत यायला लागला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डावा डोळा दिवाळीपासून. उजवा आता." त्यांनी चहाचा कप हाताने चाचपून घेतला. "काळोख नाहीये गं. सरळ बघितलं की मधलं नाहीसं होतं. बाजूला बघितलं की असतं. चेहऱ्याच्या जागी धूर आणि भोवती केस. तुझेही तसेच."

दिवाळीपासून ते पेपर वाचत नव्हते. विचारलं तेव्हा म्हणाले होते, "त्यात वाचण्यासारखं आता काय असतं?" पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर असं बोलणं त्यांना छान जमायला लागलं होतं, त्यामुळे मी हसले होते. स्कूटरही त्यांनी पेट्रोल महागलंय म्हणून लावून ठेवली होती.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी थेंब टाकून बराच वेळ तपासलं. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं, मधोमध सूज होती. साखरेने झालेलं. डॉक्टरांनी शेवटची साखर कधी तपासली ते विचारलं. नवऱ्याला आठवेना.

"इतके महिने काय करत होतात आपण?"

"काम," ते म्हणाले.

लेझर करून, इंजेक्शनं देऊन आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येईल असं धरून चालू नका, असं डॉक्टर म्हणाले. ते आवाज चढवून बोलले नाहीत. लिहिता लिहिता बोलले. परत येताना रिक्षात मला राग आवरेना.

"त्या यंत्राचं रोज दोनदा बघता. स्वतःचं वर्षात एकदा बघवलं नाही?"

ते रस्त्याकडे तोंड करून होते. "त्याचं बरं आहे," म्हणाले. "फार चढलं की त्याला बंद पडता येतं."

फिल्म मात्र त्यांनी सोडली नाही. मी वायर काढून बाजूला बांधली, पंखा फिरायला लागला, तापमान खाली आलं. मी कॉलेजात रजा टाकली आणि त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. "आकडा वाचून दाखव," ते म्हणायचे आणि मी वाचायचे. त्र्याहत्तर, तीनशे चाळीस. पंचाहत्तर, तीनशे पन्नास. ते मान डोलवायचे. रंगांनाही संगणकात आकडे असतात आणि ते त्यांना पाठ होते. संध्याकाळच्या आभाळाचा, ओल्या फरशीचा, नव्या डिस्टेंपरचा. ते सांगत, मी टंकत असे. कुठली वस्तू कुठे ठेवायची तेही ते मोजमापाने सांगत. मला त्या कामातलं काही कळत नव्हतं. भिंत भिंतीसारखी दिसली की मी बरं आहे म्हणायचे. ते आठ-दहा दिवस, कसं सांगू, वाईट नव्हते. लग्नानंतर इतके तास आम्ही शेजारी कधी बसलो नव्हतो.

फिल्म दाखवायला आम्ही वारज्याच्या साइट ऑफिसात गेलो. पत्र्याची शेड, आत एसी, मोठा टीव्ही. बिल्डर पन्नाशीचे, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ होते. बरोबर त्यांची मार्केटिंग बघणारी एक मुलगी. नवऱ्याचा हात मी कोपराला धरला होता. त्यांनी तो दारात सोडवून घेतला आणि खुर्ची अंदाजाने गाठली.

फिल्म सुरू झाली. प्रवेशद्वार, बगीचा, पोहण्याचा तलाव. सगळं नीट होतं. मग सातव्या मजल्याच्या गॅलरीत कॅमेरा गेला. तिथे साडी नेसलेली एक बाई उभी होती, आणि ती फरशीपासून चांगली वीतभर वर होती. तिची सावली खाली, ती वर. घरच्या पडद्यावर मी ते किती वेळा बघितलं होतं, पण मला ती नुसतीच उंच वाटली होती. पुढे दिवाणखान्यात एका खुर्चीची पाठ भिंतीत शिरलेली होती.

मुलगी हसली. "सर, आंटी हवेत आहेत."

बिल्डर हसले नाहीत. त्यांनी फिल्म थांबवली, मागे नेली, पुन्हा बघितली. "आपण हे आणण्याआधी बघितलंत का?" त्यांनी विचारलं. त्यांचा स्वर नेहमीचाच होता, पुणेरी, कोरडा. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"नाही," हे म्हणाले.

पुढे कुणी काही विचारेल असं मला वाटलं. ते स्वतः काही सांगतील असंही वाटलं. ते उठले, नमस्कार केला, आणि दाराच्या दिशेने न जाता काचेच्या पार्टिशनकडे चालायला लागले. मी जाऊन हात धरला. तेव्हा त्या मुलीच्या लक्षात आलं. ती उभी राहिली आणि तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. बिल्डर खाली मोबाइलकडे बघत होते. फिल्म त्यांनी बाणेरच्या एका स्टुडिओकडून दुरुस्त करून घेतली, असं नंतर कळलं.

त्यानंतर काम आलं नाही. तरी ते रोज यंत्र सुरू करायचे. जुनी एखादी इमारत लावायचे, कुणाला नको असलेली, आणि ती दिवसभर रेंडर होत राहायची. संध्याकाळी मी आकडे वाचून दाखवायचे. पावसाळ्यात तापमान आपोआप उतरलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. दिवाळीच्या आत उजवा डोळाही बहुतेक गेला. आता तू वाचून तरी कशासाठी दाखवायचं, असं त्यांनी एकदा विचारलं आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं नाही. मीही विचारलं नाही. काही महिन्यांनी लग्नांची व्हिडिओ शूटिंग करणारं एक जोडपं ते यंत्र घेऊन गेलं. हे दारापर्यंतही आले नाहीत, आतून फक्त म्हणाले, "दर वर्षी पेस्ट बदला म्हणावं."

मागच्या खोलीत आम्ही पलंग टाकला. एक बाई आठवड्यातून दोनदा यायची, पांढरी काठी घेऊन चालायला शिकवायला. तिच्याबरोबर ते कोपऱ्यापर्यंत जायला लागले. मग जलवाहिनीसाठी रस्ता खणला होता त्यात पाय गेला, खुबा मोडला, आणि ते शिकणं तिथेच थांबलं.

बाहेर जाणं म्हणजे फक्त दवाखाना उरला. सुरुवातीला मी वाटेत सगळं सांगत असे. इथे नवा पूल होतोय, ही इमारत निळी रंगवलीय, ढग आलेत, पण पावसाचे नाहीत. मला वाटायचं त्यांना तेवढंच बरं वाटत असेल. ते ऐकून घेत. एकदा रिक्षा सिग्नलला उभी होती, मी समोरच्या गुलमोहराबद्दल बोलत होते, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "तू सांगतेस ना, तेव्हा मला तू बघितलेलं दिसतं. आणि मग माझं बघितलेलं पुसलं जातं. माझ्याकडे तेवढंच उरलंय."

सिग्नल सुटला. तेव्हापासून वाटेत मी काही सांगत नाही. खड्डा आला तर तेवढं सांगते, म्हणजे ते दांडी धरून बसतात.