धावबाद, शून्य

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. मी नुसतं "शेवटची ओव्हर होती" म्हटलं की माझी मुलगी पुढचं वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवते आणि बायको भाजी चिरायला आत निघून जाते. तरी मी सांगतोच.

गोष्ट मरोळच्या कंपनीतली, जिथे मी आयुष्यभर नोकरी केली. कंपनीच्या क्रिकेट टीममध्ये मी शेपटाला खेळायचो. एका फायनलला आमच्या स्टोअर्समधला एक जण झकास खेळत होता आणि मी नुकताच आत गेलो होतो. पहिल्याच बॉलला त्याने हाक दिली, मग थांबला, मी निम्म्यातून वळलो आणि बघतो तर आम्ही दोघंही एकाच टोकाला. एकाला जावं लागणार होतं. थांबलो असतो तर कदाचित तो गेला असता. मी मुद्दाम रिकाम्या टोकाकडे पळालो आणि आऊट झालो. पुढच्या तीन बॉलमध्ये त्याने मॅच काढली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा मी कोपऱ्यात बसून पॅड सोडत होतो. स्कोअरबुकात माझ्या नावापुढे लिहिलं होतं, धावबाद, शून्य. मॅच बघायला आलेला माझा थोरला भाऊ घरी जाताना म्हणाला, "काय रे, एक बॉल तरी खेळायचास." मी काही बोललो नाही. तेव्हा न बोललेलं सगळं पुढे तीस वर्षं घरच्यांना ऐकवलं.

मुलीला क्रिकेट मीच शिकवलं. जोगेश्वरीला आमच्या बिल्डिंगच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ जेमतेम एका पिचएवढी जागा आहे, तिथे. हात असा होता तिचा की टाकीपासून फेकलेला बॉल थेट माझ्या हातात यायचा. माझ्या डोळ्यांसमोर तिचा सगळा पुढचा रस्ता मांडून तयार होता. आणि सातवीत शाळेतल्या पीटीच्या सरांनी तो हात बघितला आणि तिला सॉफ्टबॉलला नेलं. तिथून कॉलेजात बेसबॉल. मी म्हटलं, हा काय दंडुका घेऊन खेळायचा खेळ? कोण बघतं? पेपरात कधी नाव तरी येतं का? ती सुरुवातीला भांडायची, मग भांडायची बंद झाली. मला वाटलं, तिला पटलं. भांडण संपतं तेव्हा काय काय संपत असतं ते बापाला कळत नाही, निदान मला कळलं नाही. तिच्या प्रॅक्टिसला डबा घेऊन बायको जायची. मी एकदाही गेलो नाही.

या वर्षी तिची देशाच्या टीममध्ये निवड झाली. आशियातल्या देशांची बेसबॉलची स्पर्धा होती, लांब पूर्वेकडे, जिथे हा खेळ आपल्या क्रिकेटसारखा घरोघरी खेळतात. निघायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती. निळा शर्ट घडी करून वर ठेवला होता, छातीवर देशाचं नाव. मी दारात उभा होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, फोनवर दिसणारे मॅच. एक तरी बघ. पण पूर्ण बघ हां, मधे उठू नकोस."

मी म्हटलं, "बघतो ना." हे ती का म्हणाली ते मला माहीत होतं. मी बघितलं की विकेट पडते अशी माझी पक्की समजूत आहे. भारताची मॅच अडचणीत आली की मी टीव्ही सोडून गॅलरीत जाऊन उभा राहतो, आणि जिंकलो की त्याचं अर्धं श्रेय घेतो. घरात यावरून माझी भरपूर टिंगल होते. पण या वेळी मी शब्द दिला होता.

पहिली मॅच आपल्याकडच्या सकाळी होती. बायकोला ऑफिसमध्ये रजा मिळाली नाही. जाताना ती फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून, मॅच लावून देऊन गेली. मी रिटायर माणूस, चहाचा कप घेऊन समोर बसलो. कॉमेंट्री त्या लोकांच्या भाषेत, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बॉल मागे उडाला की मी चौकार समजून टाळी वाजवायचो आणि मैदानावर कुणी हलायचंही नाही. पण ती दिसत होती. हेल्मेट घातलेली, मान वाकडी करून उभी राहायची तिची सवय तशीच. मला एकदम भरून आलं. ही आपली पोरगी, टाकीजवळची.

मॅच बरोबरीत होती आणि शेवटाकडे आली होती, एवढं आकड्यांवरून कळलं. तिची बॅटिंग आली. मी पुढे सरकलो. आता घुमव, म्हटलं. बॉल आला आणि तिने बॅट फिरवलीच नाही. आडवी धरली, बॉलला नुसता स्पर्श केला. बॉल पायाशी टुकटुक करत घरंगळला. ती पळाली, पण समोरच्या पोरीने बॉल उचलून फेकला आणि पंचाने हात वर केला. आऊट. ती मान खाली घालून परत येत होती. तिच्या टीममधल्या सगळ्या मुली पुढे येऊन तिच्या पाठीवर थापा मारत होत्या. मला वाटलं, बिचाऱ्या समजूत काढतायत.

माझं डोकं फिरलं. मी मॅच बंद केली आणि तिला आवाजी मेसेज पाठवला. "हे काय होतं गं? एवढ्या लांब जाऊन नुसता बॉल अडवायला गेलीस? दंडात ताकद आहे ना तुझ्या? मारायचं ना! मला नाही बघवलं. बंद केलं मी." पाठवून टाकला आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेलो. जाताना वाटलं, मी बंद केलंय तर आता जिंकतीलच.

भाजीवाल्यासमोर उभा असताना फोन आला. तिचे तेच पीटीचे सर, आता मुलुंडला राहतात. "काका, अभिनंदन! जिंकली ना आपली टीम! काय डोक्याने खेळली हो तुमची मुलगी!"

मी म्हटलं, "शून्यावर आऊट झाली ती."

 सरांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. आपली एक मुलगी शेवटच्या टप्प्यावर येऊन थांबली होती. तिला घरापर्यंत, म्हणजे बॅटिंग करतात त्या जागेपर्यंत, आणायचं होतं, की एक रन. बॉल जोरात मारला असता तर झेल जायचा धोका, म्हणून कोचने खूण केली आणि तिने मुद्दाम बॉल हळूच जमिनीवर ठेवला. समोरच्या टीमने तिला आऊट केलं, तेवढ्या वेळात ती दुसरी घरी पोचली. त्याच एका रनने मॅच जिंकली. "मुद्दाम आऊट झाली, काका. टीमसाठी. तुम्ही बघितलं नाही का?"

बघितलं होतं. डोळ्यांनी सगळं बघितलं होतं. मी तिथेच रस्त्यावर फोन काढला, मेसेज पुसावा म्हणून. दोन निळ्या खुणा उमटलेल्या होत्या. तिने ऐकला होता. तो पुसून आता काय होणार होतं?

घरी आलो. उत्तर नाही. दुपार झाली, भाजी पिशवीतच राहिली. तिची आजवरची एक मॅच मी बघितली, ती पूर्ण बघितली नाही, आणि देशाकडून पहिल्यांदा खेळल्यावर तिला घरून आलेला पहिला आवाज हा. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. दहा वेळा लिहिलं, दहा वेळा खोडलं.

संध्याकाळी बायको आली आणि चप्पल काढत असतानाच फोन वाजला. मुलीचा आवाजी मेसेज होता. मागे मुलींचा नुसता कल्ला.

"बाबा, ऐकलं तुझं. आता माझं ऐक. आधी राग आला होता मला, खूप. मग हसू आलं. अरे, तुझी ती शेवटच्या ओव्हरची गोष्ट आहे ना, तेच केलं मी आज. कोचने खूण केली ना, तेव्हा तूच आठवलास, खरंच. फक्त आमच्याकडे ना, ते शून्य म्हणून लिहीत नाहीत. स्कोअरशीटवर वेगळं लिहितात, हिने टीमसाठी स्वतःची विकेट दिली म्हणून. तुझं पण तसंच लिहायला हवं होतं यार, बाबा."

मी खुर्चीत बसून राहिलो. बायकोने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातून फोन घेतला आणि बटण दाबून म्हणाली, "अगं, रडतोय तुझा बाबा. तू जेवलीस का?"

मग फोन माझ्यापुढे धरला. मला एवढंच बोलता आलं, "छान खेळलीस गं." तिच्या आजवरच्या आयुष्यात हे मी पहिल्यांदा म्हणत होतो, ते म्हणताना कळलं.

दुसऱ्या दिवशीच्या मॅचला मी तांब्याला फोन टेकवून सकाळपासून बसलो. आपण हरत होतो, चांगलेच हरत होतो. पाय गॅलरीकडे ओढ घेत होते. शेवटचा बॉल पडेपर्यंत मी जागेवरून उठलो नाही.