सिस्टरांचा दुधी

सिस्टर कुणाच्या घरी रिकाम्या हातानं गेल्या नाहीत आणि कुणाच्या घरून काही घेऊन आल्या नाहीत. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना पाठ होतं, मला सोडून. आम्ही नव्या घरात राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात एक ठेंगणी, ताठ बाई उभी. सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. नाव नाही, गाव नाही, "हात पुढं करा" म्हणाली. मी केला. तिनं तळहातावर चार बिया ठेवल्या आणि औषधाच्या गोळ्या द्याव्यात तशी वरून माझीच बोटं दाबून मूठ मिटवली. "दुधी आहे. आज भिजवा, उद्या मातीत टोचा. उगवला नाय तर मला बोलवा, उगवला तरी बोलवा." मी चहा विचारला. "मी कुणाचं काही घेत नसते," म्हणत बाई चालू पडली. काय हा तोरा, असं मला वाटलं.

सुमन सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. निम्मी नोकरी खुलताबादला झालेली. पांढरा युनिफॉर्म गेला, आवाज तसाच राहिला. गच्चीवर रंगाचे रिकामे डबे, फुटके माठ, गळका टब, आणि त्यात वांगी, दोडका, शेपू, एक पपई, एक डाळिंब. आमच्याकडं नळाच्या पाण्याचं काही खरं नसतं, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी ओतून देणाऱ्या बाईला त्या गल्लीभर ओरडायच्या. माझी मिरची मलूल झाली की मी पाणी घालत सुटायची. "पेशंट सुकला म्हणून सलाईन लावतच बसायचं का? आधी बघ ना त्याला झालंय काय," असं म्हणून बोटानं माती उकरायच्या. वर्षभरात मी 'बाई'ची 'वर्षा' झाले आणि 'अहो'ची 'अगं' झाले. चहा मात्र त्यांनी घेतला नाही तो नाहीच.

सगळ्यात जीव दुधीवर. आखूड, पोपटी, मानेला जाड असा तो दुधी इतका कोवळा असायचा की फोडणीत घातला की शिजलाच. बी त्यांच्या आईचं, फर्दापूरजवळच्या खेड्यातलं. एक चांगला दुधी वेलावरच ठेवायचा, पार वाळून आतलं बी खुळखुळेपर्यंत. मग फोडून, राखेत घोळून, बाटलीत. आणि हंगाम आला की बाटली घेऊन दारोदार. "बी कपाटात मरतं, लोकांच्या घरात जगतं," असं त्या म्हणायच्या. बोलणं ठाम, चालणं ठाम. त्यांनी दिलेलं बी आणि त्यांनी सांगितलेलं औषध, दोन्हींवर गल्लीत कुणी शंका घेत नसे.

म्हणूनच एका वर्षी हंगामातला माझा पहिला दुधी कापून मी सवयीनं फोड चाखली आणि कडूजहर लागली, तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. सिस्टरांना बोलावलं. त्यांनी फोड चावली, थुंकली, तीनदा चूळ भरली आणि ओट्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "पलीकडच्या बंगल्यात गेल्या वर्षी ते शोभेचे भोपळे होते ना गं, रंगवून दिवे करायचे? ते कडू असतात. किड्यापाखरांनी त्यांचा पराग माझ्या वेलावर आणला. त्या वर्षीची फळं गोडच निघाली, कडूपणा बियात उतरला. मला दिसत होते ते भोपळे. फूल झाकून ठेवायचं सुचलं नाय मला." तेच बी त्यांनी यंदा गल्लीभर वाटलं होतं. जुनंही संपवलं होतं, कारण नवं आलं की जुनं वाटून टाकायचं ही त्यांचीच रीत.

पदर खोचून त्या तशाच बाहेर पडल्या. मी मागं. प्रत्येक दारात एकच वाक्य, "दुधी खाऊ नका, उपटा. चूक माझी आहे." देशमुख वहिनींचा वेल जाळीवर नुसता फोफावला होता, पंधरा-वीस दुधी लटकलेले. वहिनी म्हणाल्या, "अहो सिस्टर, साखर जरा जास्त घालून हलवा करते की."

"वहिनी, कडू दुधीनं माणूस रक्ताच्या उलट्या करतो. मी वॉर्डात पाहिलंय. उपटा."

"एवढा वाढवलेला वेल, हात होत नाही हो माझा."

"माझा होतो," म्हणाल्या आणि खाली वाकून वेल मुळासकट ओढून काढला. नंतर सगळ्यांत शेवटी स्वतःच्या गच्चीवरचा. तो काढताना मला त्यांनी वर येऊ दिलं नाही.

पुढं कितीतरी दिवस सिस्टर मऊ बोलत होत्या. मला ते बघवेना. मी विचारलं, गल्लीबाहेर आधी कधी कुणाला बी दिलं नव्हतं का? "दिलंय की. खुलताबादला शमीमला." शमीमआपा दवाखान्यात आया होत्या, सिस्टरांच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. मी म्हटलं, मग मागून आणा, त्यात काय एवढं. सिस्टरांनी माझ्याकडं रोखून पाहिलं.

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी त्या आईबरोबर संध्याकाळी गावात भाकरी मागायला जायच्या. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं, वरून टोपल्यात पडेल ते घ्यायचं. "मग बाबासाहेबांनी धम्म दिला. आईनं ते टोपलं चुलीत घातलं. म्हणाली, सुमे, आता मागायचं नाय, कुणाला नाय. गावानं काम बंद केलं, उपास काढले, पर मागितलं नाय. मग घरामागं तिनं दुधी लावला." एवढं बोलून उठल्या आणि कुंड्यांना पाणी घालायला लागल्या. त्यांच्या चहा न घेण्याला मी तोरा म्हणत आले होते, याची मला लाज वाटली.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका रविवारी सकाळीच दार वाजलं. "चल, खुलताबादला जायचंय." शमीमआपांचं घर दर्ग्याच्या मागच्या उतारावर. अंगणातल्या मांडवावर तोच दुधी, आखूड, पोपटी, जाड मानेचा. आपांनी सिस्टरांना मिठीच मारली, खाट टाकली, पाणी दिलं. इकडचं तिकडचं झालं. सिस्टर घड्याळाचा पट्टा सोडत होत्या, लावत होत्या.

शेवटी म्हणाल्या, "शमीम, माझं दुधीचं बी गेलं. कडू झालं. मी मागायला आलेय."

"मांगते कायकू सिस्टर? तुमाराच है. अपना लेके जाओ ना."

"नाय. माझं होतं ते संपलं. इतकी वर्षं तू जगवलंस, हे तुझं आहे. मी मागतेय, तू दे."

आपांना काहीतरी कळलं असावं. त्या हसल्या नाहीत, 'असं कसं' म्हणाल्या नाहीत. आत गेल्या, चिंधीची पुरचुंडी घेऊन आल्या, आणि आधी हातातली दुधीची एक कच्ची फोड सिस्टरांना दिली. "चख के देखो पैले." सिस्टरांनी चावली. डोळे भरून आले, गोड आहे अशी मान हलवली. मग हात पुढं केला. मी अंगणात कोंबड्या बघत उभी राहिले, कारण तिकडं बघायचा मला हक्क नव्हता. त्या दिवशी सिस्टर तिथं जेवल्या, चहा दोनदा घेतला, आणि निघताना आपांनी दिलेले दोन दुधीही पिशवीत टाकले.

पुढच्या हंगामात बाटली पुन्हा गल्लीतून फिरली. आता संध्याकाळी उमलणाऱ्या फुलांना त्या कापडाच्या पिशव्या बांधायच्या आणि पराग स्वतः बोटानं लावायच्या. बी देताना मात्र प्रत्येकाला बजावायच्या, "हे खुलताबादच्या शमीमआपाचं बी आहे. नाव ध्यानात ठेवायचं." मी एकदा भांडले, अहो, मूळ तुमच्या आईचं ना ते? "आईनं तरी कुणाकडून घेतलंच असेल," म्हणाल्या आणि विषय संपवला.

सिस्टर गेल्या त्याला दुसरा पावसाळा आहे. शेजारी एक नवं जोडपं आलंय. परवा त्यातली पोरगी दारात आली, मुठीत काहीतरी घेऊन. "काकू, देशमुख आजींनी दिलंय. शमीमआपाचा दुधी म्हणे, लई चांगला असतो. तुमच्याकडं नसेल तर ठेवा."

माझ्या गच्चीवर त्याचाच वेल चढत होता. ते बी कुणाचं, कसं गेलं, कसं आलं, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. सिस्टरांचं नाव कुणी घेत नाही याचा मला अजून राग येतो, तोही आला. पण ती पोरगी मूठ पुढं करून उभी होती.

मी हात पुढं केला.