चिंचेनं उजळलेला डॉलर

चिंचेच्या कोळाचा वास आला की मला आखातातल्या दार्सैतमधला आमच्या मॅनेजरचा हॉल आठवतो. अमेरिकेच्या अगदी पहिल्या चांदीच्या डॉलरांपैकी एक त्यानं मिळवला होता आणि तो मिरवायलाच लक्ष्मीपूजनाला आम्हा ऑफिसातल्या मराठी मंडळींना बोलावलं होतं. या गृहस्थाला पणजोबांचं नाव आठवायचं नाही, पण त्या नाण्यावरच्या बाईच्या केसांची बटन्‌बट पाठ होती. फुल्ल एसीत उदबत्तीचा धूर कोंडला होता आणि पूजेच्या ताम्हनात डॉलर नव्या भांड्यासारखा लखलखत होता. तो बघताच हा सगळ्यांदेखत बायकोवर ओरडला, "अक्कल आहे का? दोनशे वर्षांचा काळपटपणा चिंचेनं घासलास? त्याचीच तर किंमत होती! खलास!" "लक्ष्मीपुढे काळं नाणं कसं ठेवणार?" ती पुटपुटली. "सांगा हिला," म्हणत तो माझ्याकडे वळला. तिनं नुकताच माझ्या ताटलीत अनारसा वाढला होता. तिनंही माझ्याकडे पाहिलं. "सरांचं बरोबर आहे, वहिनी," मी म्हणालो. त्याला मी आजही दीडदमडीचा माणूस म्हणतो, पण त्या हॉलमध्ये त्याच्याहून स्वस्त मीच होतो. अनारसासुद्धा मी संपवला.